घुमटाविना मस्जिद, उचलून नेता येणारे घर : आर्किटेक्चरचे जागतिक पुरस्कार आपल्याला काय सांगतात?

सप्टेंबर २०२५ मध्ये किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक येथे आगाखान आर्किटेक्चर पुरस्कारांचा सोहळा झाला. एकूण १० लाख डॉलरचा हा पुरस्कार सात प्रकल्पांमध्ये वाटला गेला. त्यातले दोन इराणचे आणि बांगलादेश, पाकिस्तान, इजिप्त, पॅलेस्टाईन व चीन येथील प्रत्येकी एक. आपल्याकडे या बातमीची फारशी चर्चा झाली नाही. आर्किटेक्ट म्हणजे बंगले आणि टॉवर बांधणाऱ्यांचा माणूस, त्याचा आपल्या मोहल्ल्याशी काय संबंध, असेच आपण धरून चालतो. पण या सात नावांत एकही आलिशान महाल नाही. पुरात उचलून नेता येणारे बांबूचे घर आहे, गरीब मुलांना हुनर शिकवणारी इमारत आहे, मेट्रो स्टेशनसमोरचा चौक आहे. म्हणूनच ही बातमी नीट समजून घ्यायला हवी.

नोबेलच्या तोडीचा पुरस्कार आणि त्याची बदललेली दिशा

आर्किटेक्चरमध्ये सर्वांत मोठे नाव प्रिट्झ्कर पुरस्काराचे. अमेरिकेतल्या शिकागोच्या प्रिट्झ्कर घराण्याने तो १९७९ मध्ये सुरू केला. एक लाख डॉलर आणि ब्राँझचे पदक, असे त्याचे स्वरूप. सुरुवातीची कित्येक वर्षे हा मान मुख्यतः युरोप, अमेरिका आणि जपानच्या पुरुष आर्किटेक्टना मिळत राहिला. पहिल्यांदा एका स्त्रीला तो मिळाला २००४ मध्ये, म्हणजे तब्बल २५ वर्षांनी. ती स्त्री होती बगदादमध्ये जन्मलेली झाहा हदीद. आपल्या मुलींना हे नाव माहीत असायला हवे. शाळेत मुलींना 'मोठी झाल्यावर कोण होणार' असे विचारले की डॉक्टर आणि टीचर ही दोनच उत्तरे येतात, तेव्हा हे नाव सांगावेसे वाटते.

गेल्या दहा वर्षांत या पुरस्काराचा रोख बदलला आहे. २०१८ मध्ये बाळकृष्ण दोशी यांना तो मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. दोशींचा जन्म पुण्याचा, १९२७ चा, आणि शिक्षण मुंबईच्या जे. जे. मधले. इंदूरजवळची 'अरण्य' वसाहत हे त्यांचे गाजलेले काम. तिथे गरीब कुटुंबांना तयार घर न देता प्लॉट, पाणी, संडास आणि घराचा गाभा दिला. पुढचे घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे हळूहळू वाढवले.

२०२१ मध्ये फ्रान्सच्या लाकातों आणि वासाल या जोडीला प्रिट्झ्कर मिळाला. जुनी इमारत पाडायची नाही, तिच्यात भर घालायची, हे त्यांचे तत्त्व. बोर्दो शहरातल्या तीन जुन्या इमारतींमधली ५३० घरे त्यांनी बाल्कनी आणि उजेडाच्या खोल्या जोडून मोठी केली, आणि तेही राहणाऱ्यांना बाहेर न काढता. रिडेव्हलपमेंटच्या नावाने ज्यांनी वर्षानुवर्षे ट्रान्झिट कॅम्पमध्ये दिवस काढले, त्या मुंबईकरांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

२०२२ चे मानकरी फ्रान्सिस केरे हे बुर्किना फासोमधल्या गांडो गावचे. प्रिट्झ्कर मिळवणारे पहिले आफ्रिकन. ते जर्मनीत शिकायला गेले आणि शिकत असतानाच पैसे जमवून त्यांनी आपल्या गावात प्राथमिक शाळा बांधली. २००१ मध्ये ती पूर्ण झाली. गावकऱ्यांनी हाताने काम केले, विटा तिथल्याच मातीच्या. पत्र्याचे छत भिंतींपासून वर उचलून ठेवले, खाली छिद्रे असलेले विटांचे छत केले. गरम हवा वरून निघून जाते आणि वर्ग थंड राहतो. मे महिन्यात पत्र्याखाली पेपर लिहून घेतलेल्या आम्हा शिक्षकांना यातली हुशारी लगेच कळते. पंखा नाही, एसी नाही, फक्त डोके चालवले आहे.

२०२५ चे विजेते चीनचे लिऊ जियाकुन. २००८ च्या सिचुआन भूकंपात पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यापासून त्यांनी नव्या विटा तयार केल्या, त्यात गव्हाचे काड मिसळले. त्या भूकंपात गेलेल्या एका शाळकरी मुलीसाठी त्यांनी मदत छावणीतल्या तंबूच्या आकाराचे छोटेसे स्मारक बांधले.

आगाखान पुरस्कार वेगळा कसा?

हा पुरस्कार १९७७ मध्ये इस्माईली जमातीचे इमाम, चौथे आगाखान यांनी सुरू केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. दर तीन वर्षांनी तो दिला जातो. ज्या समाजात मुस्लिमांची लक्षणीय वस्ती आहे, तिथल्या गरजा भागवणाऱ्या कामांना तो मिळतो. आर्किटेक्ट मुस्लिमच हवा, किंवा इमारत धार्मिकच हवी, अशी अट नाही.

दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक, पुरस्कार व्यक्तीला नसून कामाला असतो. आर्किटेक्टबरोबर गवंडी, इंजिनिअर, नगरपालिका, काम करून घेणारी संस्था, सगळ्यांचा त्यात वाटा धरला जातो. दोन, फोटो पाहून निर्णय होत नाही. अंतिम यादीतल्या प्रत्येक ठिकाणी तज्ज्ञ प्रत्यक्ष जातात, इमारत वापरात आहे का, लोक तिच्याबद्दल काय म्हणतात, हे पाहतात. २०२५ च्या यादीत असे १९ प्रकल्प होते.

आपल्यातल्या अनेक हाजींनी या पुरस्काराचे एक मानकरी काम डोळ्यांनी पाहिले आहे, फक्त नाव माहीत नसते. जेद्दाहच्या विमानतळावरचे पांढऱ्या तंबूंचे हज टर्मिनल. त्याला १९८३ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. त्यामागे ढाक्यात जन्मलेले इंजिनिअर फझलुर रहमान खान होते.

या वेळचे सात

बांगलादेशच्या मरीना तबस्सुम यांचे 'खुदी बाडी', म्हणजे चिमुकले घर. तिथे नद्या पात्र बदलतात, चर म्हणजे वाळूची बेटे तयार होतात आणि वाहून जातात. त्यांच्याबरोबर माणसांची घरेही जातात. हे घर बांबूचे, जोड लोखंडाचे. दोन मजली, पाणी आले की वर चढून बसायचे. धोका वाढला की सगळे सुटे करून दुसरीकडे उभे करायचे.

इराणच्या होर्मुझ बेटावरचे 'माजरा' म्हणजे रंगीबेरंगी घुमटांची वस्ती. माती पोत्यांत भरून रचण्याची ही पद्धत इराणचेच नादेर खलिली यांची. त्यांच्या अशा निवाऱ्यांना २००४ मध्ये हाच पुरस्कार मिळाला होता. तेहरानमध्ये जिहाद मेट्रो स्टेशनच्या पडक्या जागेचे विटांच्या कमानींच्या चौकात रूपांतर झाले. इस्लामाबादची 'व्हिजन पाकिस्तान' ही इमारत गरीब तरुणांना शिवणकामासारखे हुनर शिकवण्यासाठी आहे. इजिप्तमधल्या इस्ना शहराचा जुना बाजार आणि वकाला, म्हणजे व्यापाऱ्यांची सराई, तिथल्या लोकांना बरोबर घेऊन पुन्हा उभी राहिली. चीनच्या इनर मंगोलियात जुन्या विटा वापरून गावासाठी केंद्र झाले, त्यात तिथल्या हुई मुस्लिमांचीही सोय पाहिली आहे. आणि बेथलेहेममध्ये 'वंडर कॅबिनेट', जिथे पॅलेस्टिनी कारागीर काम करतात, शिकतात आणि शिकवतात. ज्या देशातून रोज पडलेल्या घरांच्या बातम्या येतात, त्या देशातून काहीतरी बांधल्याची बातमी आली, याचे मोल मोठे आहे.

दोन बायका, दोन मिसाली

मरीना तबस्सुम यांना हा पुरस्कार दुसऱ्यांदा मिळाला. पहिला २०१६ चा, ढाक्यातल्या बैत-उर-रऊफ मस्जिदीसाठी. जमीन त्यांच्या आजीने दिली होती आणि पैसा लोकांच्या चंद्यातून आला. या मस्जिदीला घुमट नाही, मिनारही नाही. साध्या भाजक्या विटांच्या भिंती, विटांमधून खेळणारी हवा, छताच्या छोट्या गोल झरोक्यांतून जमिनीवर पडणारा उजेड. बस्स. सजावट हवी म्हणून काही चिकटवलेले नाही. तरी नमाजीच्या मनाला सुकून मिळतो, आणि मोहल्ल्यातल्या माणसांना उठायबसायलाही ही जागा होते.

दुसरे नाव पाकिस्तानच्या यास्मिन लारी यांचे. त्यांच्या देशातल्या पहिल्या महिला आर्किटेक्ट. कराचीत मोठमोठ्या इमारती बांधून त्यांनी २००० मध्ये तो धंदा बंद केला. पुढे भूकंप आणि पुरात बेघर झालेल्यांना बांबू, माती आणि चुन्याची घरे स्वतःच्या हाताने बांधायला त्यांनी शिकवले. बायकांसाठी धूर कमी करणारी उंच चूल तयार केली. २०२३ मध्ये ब्रिटनचे रॉयल गोल्ड मेडल त्यांना मिळाले. हे मेडल १८४८ पासून दिले जाते. मार्च २०२५ मध्ये इस्रायलचा वुल्फ पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा गाझातल्या कत्तलीचे कारण देऊन त्यांनी तो नाकारला. घरे उभी करण्यात आयुष्य घालवलेल्या बाईने घरे पडत असताना मौन धरले नाही.

महाराष्ट्राशी नाते

पुण्याचा आगाखान पॅलेस आपण शाळेच्या सहलीला पाहतो, तो गांधीजींच्या नजरकैदेसाठी. १८९२ मध्ये तिसऱ्या आगाखानांनी तो बांधला, तेव्हा दुष्काळग्रस्तांच्या हाताला काम मिळावे हा त्यामागचा हेतू होता असे सांगतात. चौथ्या आगाखानांनी १९६९ मध्ये तो देशाला दिला.

त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट जळगाव जिल्ह्यातली. चोपडा तालुक्यातल्या लासूर येथील कुष्ठरोग्यांच्या इस्पितळाला १९९८ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. नॉर्वेच्या दोन तरुण आर्किटेक्टनी ते तिथल्याच दगड-विटांत, अंगणाभोवती बांधले. लोक ज्यांना गावाबाहेर ठेवत होते, त्यांच्यासाठी बांधलेली ही साधी इमारत. त्याच वर्षी चार्ल्स कोरिया यांच्या भोपाळच्या विधान भवनालाही पुरस्कार होता. म्हणजे एकाच रांगेत आमदारांची इमारत आणि कुष्ठरोग्यांची इमारत.

पुरस्काराची मर्यादा

कौतुक करताना डोळे उघडे ठेवायला हवेत. याच आगाखान पुरस्काराने २००४ मध्ये गांडोची शाळा निवडली, आणि त्याच वर्षी क्वालालंपूरचे पेट्रोनास टॉवरही निवडले. मोठेपणाचा मोह कुणालाच सुटत नाही. दुसरे, खुदी बाडी कितीही चांगली असली तरी नदीने गिळलेली जमीन ती परत देत नाही. हवामान बदलाला जबाबदार देश वेगळे, घर उचलून पळणारी माणसे वेगळी. चांगल्या डिझाइनमुळे सरकारची जबाबदारी संपत नाही, हे विसरून चालणार नाही.

आपण काय घ्यायचे?

आपल्या वस्त्यांमध्येही बांधकाम सतत चालू असते. मस्जिद, मदरसा, शाळा, शादीखाना. पैसा चंद्याचा असतो, त्यात कुणा रिक्षावाल्याचे वीस रुपयेही असतात. मिटिंगमध्ये चर्चा होते ती मिनाराची उंची आणि मार्बलचा रंग यांची. वुजूखान्यात म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरणार नाही ना, बायकांना नमाजसाठी जागा आहे का, व्हीलचेअर आत जाईल का, वुजूचे पाणी झाडांना देता येईल का, मदरशाच्या खोलीत दुपारी मूल बसू शकेल का, हे प्रश्न राहून जातात. आर्किटेक्टची फी वाचवली म्हणून आपण खूश होतो आणि पुढची पन्नास वर्षे विजेचे बिल भरत बसतो.

आमचे म्हणणे इतकेच. पुढच्या वेळी कमिटीची मिटिंग बसेल, तेव्हा नकाशा पाहताना एक प्रश्न आधी विचारावा : ही जागा कोण वापरणार, आणि त्याला विचारले आहे का? त्या मिटिंगला दोन बायका आणि दोन तरुण मुलेही बोलवावीत. आपल्यातल्या ज्या मुला-मुलींना चित्रकला आणि गणित दोन्ही आवडते, त्यांना बारावीनंतर आर्किटेक्चरची वाट आहे हे सांगावे. प्रवेशासाठी नाटा नावाची परीक्षा असते, पाच वर्षांचा कोर्स असतो. उद्या एखाद्या मोहल्ल्यातली हवेशीर शाळा किंवा साधी मस्जिद आपल्याच मुलीने आखलेली असावी. पुरस्कार मिळो न मिळो, तिथे बसणारी मुले दुआ तरी देतील.