माणसे निवडणाऱ्यांचीही कदर करा!

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे लोकल थांबली आणि अंधेरीच्या कचेऱ्यांतील नोकरभरती बोरिवली-मुलुंडच्या घरांतून होऊ लागली. आता काही मालक पुन्हा रोजच्या हजेरीचा हट्ट धरतात. तो कशासाठी? चीनमधील ट्रिप डॉट कॉम कंपनीने १,६१२ कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. 'नेचर'ने २०२४ साली त्याचा निष्कर्ष छापला: आठवड्यातून दोन दिवस घरून काम केल्याने कामगिरी ढळली नाही, उलट राजीनामे एक-तृतीयांशाने घटले! उमेदवाराची पारख नवखा अनुभवी सहकाऱ्याशेजारी बसूनच शिकतो, हेही आम्हांस मान्य आहे. म्हणून तीन दिवस सर्वांनी एकत्र बसावे, दोन दिवस घरून काम करावे, हेच आमचे स्पष्ट मत! दुसऱ्यांच्या रिकाम्या खुर्च्या भरणाऱ्यांच्याच खुर्च्या रिकाम्या पडल्या, तर कामगिरी दाखवायची कोणी?