देवासचा पंप, बेळगावची सायकल

धार आणि देवास ही पवारांची संस्थाने आपल्याला भेटतात ती इतिहासाच्या पुस्तकात. १९४८ साली ती मध्यभारतात विलीन झाली, एवढे लिहिले की गुण मिळतात. त्याच देवासला आज किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना आहे आणि त्या नावाची सुरुवात आपल्या बेळगावातल्या सायकलच्या दुकानात झाली, हे कोणी विचारत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली गुर्लहोसूरला जन्मले. मुंबईला चित्रकला शिकायला गेले. रंग नीट ओळखता येईनात म्हणून यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. पुढे बढती डावलली गेली तेव्हा मास्तरकी सोडून बेळगावला आले. बंधू रामूअण्णांबरोबर सायकली विकल्या, दुरुस्त केल्या. मग कडबा कापण्याचे यंत्र आणि त्यानंतर लोखंडी नांगर.

नांगर आरंभी खपेना. लोखंडाने जमिनीत विष उतरते, अशी समजूत होती. वर्गात ही गोष्ट निघाली की आपण शेतकऱ्याच्या अडाणीपणाला हसतो. मला ते हसणे पटत नाही. नांगर फसला तर कारखानदाराचा एक नग परत येईल. शेतकऱ्याचे मात्र वर्ष बुडेल. आमच्या वाणिज्याच्या पुस्तकात जोखीम उद्योजकाच्या खात्यावर मांडतात. गिऱ्हाइकाची जोखीम कोणत्या खात्यावर मांडावी, हे कोठेच दिलेले नाही! लक्ष्मणरावांना ते कळले असावे. नाहीतर ते नांगराचा नाद सोडून पुन्हा सायकलींकडे वळले असते.

‘स्वतःच्या हिमतीवर’ हा शब्दप्रयोगही जरा जपून वापरावा. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडलजवळचा माळ आणि कर्ज दिले, म्हणून १९१० साली निवडुंग तोडून किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. औंध हे धार-देवासांसारखेच लहान संस्थान. पण तेथे एका कारागिरावर विश्वास टाकणारा माणूस गादीवर होता.

आज आपल्यापैकी कितीजण बँकेच्या परीक्षेचे अर्ज भरून बसलो आहोत! मीही भरला आहे. पण गावी एकाच इंजिनावर सकाळी दळण दळणारा, दुपारी तेच इंजिन पंपाला जोडून विहिरीचे पाणी देणारा आणि रात्री दुसऱ्याचे इंजिन खोलून बसणारा गिरणीवाला आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याला आपण उद्योजक म्हणत नाही. तो कर्ज मागायला आला, तर काउंटरच्या आत बसलेले आपण काय उत्तर देणार?