श्रद्धेचा हिशेब

बारामती-इंदापूर भागातील ऊसउत्पादक सभासद माळेगाव, सोमेश्वरनगर वा भवानीनगर येथील साखर कारखान्याच्या वार्षिक सभेस जातो, तेव्हा अहवालातील उताऱ्यावर व उसाच्या दरावर बोट ठेवून संचालकांना जाब विचारतो. तोच मनुष्य एखाद्या प्रवचनकाराच्या झोळीत द्रव्य टाकताना मात्र बहुधा पावतीही मागत नाही. या संकोचाची किंमत काय असते, हे अमेरिकेतील जिम बेकर प्रकरणावरून ध्यानात यावे.

दूरचित्रवाणीवरून ख्रिस्ती उपदेश करणाऱ्या या गृहस्थांनी दक्षिण कॅरोलायनात ‘हेरिटेज यूएसए’ हे भव्य केंद्र उभारले. हजार डॉलर देणाऱ्यास तेथील सुमारे 500 खोल्यांच्या हॉटेलात आजन्म दरवर्षी तीन रात्रींचा मोफत मुक्काम मिळणार होता. असे 25,000 भागीदारच घेऊ, असे आश्वासन असताना प्रत्यक्षात 66,683 घेतले गेले. वर्षभर एकही खोली रिकामी ठेवली नाही, तरी असे फार तर 61,000 मुक्काम होतात; हा साधा गुणाकार कोणी केला नाही. विविध भागीदारी योजनांतून एकूण 15 कोटी 80 लाख डॉलर जमले आणि त्यांतील मोठा भाग अन्य खर्चात व बेकर दांपत्याच्या ऐषारामात गेला. 1987 साली बेकर पायउतार झाले. 1989 साली 24 आरोपांवर दोषी ठरून त्यांना 45 वर्षांची शिक्षा झाली; पुढे ती घटली व 1994 साली ते सुटले. नंतर ते पुन्हा पडद्यावर आले, आणि कोरोनाकाळात विकलेल्या चांदीच्या द्रावणापायी 2021 साली ग्राहकांना पैसे परत करण्याचे त्यांना मान्य करावे लागले.

यात दोष ख्रिस्ती धर्माचा नव्हे. इंदापूरच्या शेजारच्याच दौंड तालुक्यात, केडगाव येथे, पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती श्रद्धेतूनच दुष्काळग्रस्त स्त्रियांसाठी मुक्तिसदन उभारले. त्याआधी त्यांच्या शारदासदनास साहाय्य करणारी बोस्टनची संस्था आपले वार्षिक अहवाल छापत असे. धर्मांतराच्या प्रश्नावर रमाबाईंवर कडाडून टीका झाली. परंतु तो वाद विचारांचा होता.

महाराष्ट्रात 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा मंदिर, चर्च असा भेद न करता नोंदणी व हिशेबतपासणी सक्तीची करतो. पण कायद्याची धार विचारणाऱ्यावर अवलंबून असते. हिशेब मागणे म्हणजे अश्रद्धा, हा समज लबाडांच्याच सोयीचा आहे. कारखान्याच्या सभेत उभा राहणारा सभासद कारखान्याचा वैरी नसतो. तो मालक असतो. दात्यानेही तसेच उभे राहावयास हवे.