दिंडीचा टेंपो आणि 'कारकुनी'

आज जरा कडू बोलणार आहे. विषय वरवर अगदी किरकोळ आहे. आषाढीच्या पायी दिंडीमागून जो टेंपो येतो, त्याच्या हौद्यात सामान कसं भरावं, एवढाच. नाटक-कीर्तनाच्या गप्पा सोडून हे काय काढलं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. ज्या समाजाला आपलं बिऱ्हाड नीट बांधता येत नाही, त्याने संस्कृतीवर व्याख्यानं झोडू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

गोव्याच्या निरनिराळ्या भागांतून दरवर्षी दिंड्या पंढरपूरला पायी जातात. आमची वाट केरीवरून चोर्ला घाट चढून, कणकुंबी-जांबोटीवरून बेळगावकडे. ऐन पावसाळ्याचे दिवस. पुढे पताका, टाळ-मृदंग, मागे टेंपो. टेंपोत काय असतं? राहुट्या, ताडपत्र्या, खुंटे, दोरखंड, सतरंज्या, पातेली, परात, झारे, शेगड्या, गॅसचे सिलिंडर, तांदळाची पोती, पाण्याची टाकी. आणि या सगळ्यावर साठ माणसांची साठ बोचकी, जशी आली तशी फेकलेली.

आता मुक्काम येतो तेव्हा काय होतं ते पाहा. सगळ्यात आधी काय लागतं? ताडपत्री आणि शेगडी. त्या असतात कुठे? सगळ्यात खाली! मग साठ बोचकी चिखलात उतरवायची, तांदूळ भिजू नये म्हणून पोती पुन्हा वर चढवायची आणि तासाभराने शेगडीला हात लागायचा. तोवर ज्या बायका दिवसभर आपल्याइतकंच चालल्या, त्या झाडाखाली भिजत उभ्या. रात्री जेवणं आटोपून भांडी घासून शेवटी झोपणाऱ्या त्याच, आणि पहाटे चहासाठी सगळ्यांच्या आधी उठणाऱ्याही त्याच. पुरुष मंडळी मात्र 'माऊली, माऊली' करत देवळाच्या सभामंडपात कोरड्या जागेवर!

मी व्यवसायाने सरकारी कारकून. डेडस्टॉक रजिस्टर, आवक-जावक हा रोजचा धंदा. म्हणून सुचवलं की सामानाची यादी करू, चढवण्याचा क्रम ठरवू, दोन माणसांची पाळी लावू. कुठल्या दिंडीत हे मी सांगणार नाही, पण उत्तर काय मिळालं ते सांगतो. "वारीत कारकुनी नाका रे. विठ्ठल पळयतलो!" आणि सगळे हसले.

या हसण्यालाच मला आज उत्तर द्यायचं आहे.

पहिली गोष्ट वजनाची. छोटा हत्ती म्हणून जो टेंपो आपण भाड्याने घेतो, तो साधारण 750 किलो वाहतो. साठ माणसांनी बारा-बारा किलोची बोचकी दिली की झाले 720. अजून तांदूळ चढला नाही, राहुट्या चढल्या नाहीत. त्यात 500 लिटरची टाकी भरून ठेवली की नुसतं पाणीच 500 किलो. ती अर्धी भरली तर आणखी वाईट, कारण वळणावळणाला पाणी इकडून तिकडे धावतं आणि गाडीला ओढतं. जड सामान मागच्या फाळक्याकडे लोटलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग नीट धरत नाही. चोर्ल्याच्या धुक्यात, ओल्या चढावर हे होणं म्हणजे काय, ते ज्याने तो घाट पाहिला आहे त्याला सांगायला नको.

दुसरी गोष्ट सिलिंडरची. घरगुती सिलिंडरात 14.2 किलो गॅस असतो, तोही द्रवरूपात. सिलिंडर उभा असला तर तोंडाशी वायू असतो. आडवा टाकला तर तोंडाशी द्रव येतो. व्हॉल्व जरा गळला तर त्या द्रवाचा सुमारे अडीचशे पट वायू होतो. हा वायू हवेपेक्षा जड, वर उडून जात नाही, हौद्याच्या तळाशी ताडपत्रीखाली साचून राहतो. आणि आपण काय करतो? सिलिंडर आडवे टाकतो, म्हणजे गडगडणार नाहीत म्हणून वर पोती ठेवता येतात! त्या पोत्यांवर पाय दुखणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना बसवतो, आणि शेजारी कुणीतरी बिडी ओढत असतो. मालवाहू गाडीच्या हौद्यात सामानावर माणसं बसवणं हा कायद्याने गुन्हा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. हौद्याबाहेर सामान लोंबकळत असेल तर मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने 20,000 रुपये दंडाची तरतूद केली आहे. पण दंड राहू दे. त्या म्हाताऱ्या आपल्याच आया-मावश्या आहेत ना?

यावर ठरलेला युक्तिवाद येतो. 'पूर्वी कुठे होता टेंपो? खांद्यावर पडशी टाकून जायचे लोक!' अगदी खरं. पण पडशी ज्याची त्याच्या खांद्यावर असायची. एक जादा धोतर घेतलं तर त्याचा भार स्वतःलाच कळायचा. टेंपो आला आणि आपल्या सामानाला वजनच उरलं नाही. गादी, उशी, घडीची खुर्ची, फरसाणाचे डबे, सगळं 'टाक रे टेंपोत!' ते वजन नाहीसं झालं नाही. ते गेलं टेंपोवाल्या पोराच्या पाठीवर आणि स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या डोक्यावर. तेव्हा दोनच मार्ग प्रामाणिक आहेत. एक तर पडशी पुन्हा खांद्यावर घ्या, नाहीतर टेंपो शिस्तीने भरा. पूर्वजांचं नाव घेऊन आजची अजागळपणाची सोय करून घेऊ नका.

दुसरा युक्तिवाद 'विठ्ठल पळयतलो' हा. जनाबाईच्या कथा आपण कीर्तनात डोळे पुसत ऐकतो. त्या कथांत विठ्ठल काय करतो? जनीबरोबर दळतो, कांडतो, गोवऱ्या वेचतो. तिचं काम वाटून घेतो. आणि त्याचे भक्त म्हणवणारे आम्ही शेगडी उतरवायला पुढे होत नाही! सावता माळी मळ्यात, गोरोबा चिखलात. हातातलं काम नीट करणं हीच पूजा, असं मानणाऱ्या परंपरेत सामान लावणं तेवढं हलकं काम कसं ठरलं?

तिसरा युक्तिवाद की शिस्त आली की भक्ती आटते. अहो, आळंदीहून निघणारी माऊलींची पालखी पाहिलीत का? हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात त्या सोहळ्याला जी घडी घालून दिली ती आजही मोडलेली नाही. रथापुढच्या दिंड्यांना नंबर, रथामागच्या दिंड्यांना नंबर, प्रत्येकीची जागा ठरलेली. मुक्कामी समाजआरतीला चोपदार दंड उंचावतो आणि हजारोंचा तो समुदाय क्षणात गप्प होतो. मग आरतीआधी हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणा होते. हो, हरवल्या-सापडल्या वस्तूंची! याहून शुद्ध 'कारकुनी' कुठली? आणि ती साक्षात माऊलींच्या पादुकांसमोर चालते.

इतकं लांब तरी कशाला जायचं? पेडणे-सावंतवाडीकडचे आमचे दशावतारी घ्या. जत्रांच्या हंगामात रोज रात्री नवा गाव. त्यांचा पेटारा ते पूजतात, आणि सोंगासाठी लागणारी वस्तू हात घालताक्षणी त्यांना सापडते. नाहीतर अंधारात, घाईत, पहाटेपर्यंत खेळ उभा कसा राहील? सामान लावणं ही कला आपल्याच मातीत आहे. आपण ती 'सुशेगाद' या शब्दाखाली पुरून टाकली आहे.

असो. नुसती टीका करून थांबणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे, म्हणून काय करावं तेही सांगतो.

जे आधी लागतं ते शेवटी चढवा. ताडपत्री, दोर, शेगडी आणि चहाचं सामान फाळक्याशी हाताला लागेल असं हवं. जड पोती खाली आणि केबिनच्या बाजूला. पाण्याची टाकी घाट चढताना रिकामी ठेवा, पाणी मुक्कामी मिळतं. सिलिंडर उभे, तोंडाला टोपण, कडेला दोराने बांधलेले, आणि त्यांच्यासाठी ताडपत्रीला हवा जायला जागा. औषधांची पेटी हौद्यात नाही, चालकाशेजारी. माणशी एकच बोचकं, आठ किलोंचं, निघायच्या आदल्या दिवशी देवळात काट्यावर तोलून. बोचक्यावर नाव. घाटात भिजलेल्या राहुट्या बेळगावपुढे ऊन भेटलं की पसरून वाळवायच्या, तशाच गुंडाळल्या तर बुरशी धरतात आणि जडही होतात. दमलेल्या माणसांसाठी वेगळी प्रवासी गाडी, थोडी वर्गणी जास्त पडली तरी. आणि सामान चढवण्या-उतरवण्याची पाळी पुरुषांची, अध्यक्षांपासून सुरू.

यातलं एकही काम असं नाही ज्याला पैसा किंवा विद्वत्ता लागते. लागतो तो अर्धा तास आणि दुसऱ्याच्या पाठीची थोडी जाणीव.

मला कारकून म्हणून हसलात, हरकत नाही. बावीस वर्षं हेच ऐकतो आहे. पण येत्या आषाढीला मुक्कामी पोचल्यावर अभंग धरण्यापूर्वी एकदा मागे वळून बघा. फाळका कोण उघडतंय आणि पावसात कोण उभं आहे. तुमच्या दिंडीत विठ्ठल आहे की नाही, ते तिथेच कळेल.