प्रात्यक्षिकाचे गुण प्रवेशात धरा

कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते. बारावीचा हजेरीपट नावांनी भरलेला असतो, बाकं मात्र रिकामी. मुलं दिवसभर क्लासला असतात. आमच्याकडे उगवतात ती थेट प्रात्यक्षिक परीक्षेच्या तोंडावर. यंदा एका हुशार मुलीच्या हाती स्क्रू गेज दिला. त्याचं लघुतम माप तिला तोंडपाठ होतं. पण तार कुठे धरायची आणि रॅचेट कधी फिरवायचा, हे ठाऊक नव्हतं.

दोष तिचा नाही. अभियांत्रिकीच्या गुणवत्ता यादीत सीईटीचा पर्सेंटाइल मोजला जातो; बारावीला खुल्या गटातून 45 टक्के मिळाले की पात्रता पूर्ण. सीईटीत गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे. उत्तर चुकलं तरी गुण कापले जात नाहीत. साहजिकच मुलं वेग कमावतात, प्रयोगशाळेकडे फिरकत नाहीत. पालक मात्र दोन्हीकडे फी भरतात.

सीईटी हवीच. वेगवेगळ्या मंडळांच्या मुलांना एकाच मापाने जोखायचं तर सामायिक परीक्षा लागणारच. पण राज्य मंडळाच्या भौतिकशास्त्रात 100 पैकी 30 गुण प्रात्यक्षिकाचे आहेत आणि अनेक ठिकाणी ते खिरापतीसारखे वाटले जातात. ही परीक्षा कसून घ्या, मंडळ कुठलंही असो, आणि तिच्या गुणांना प्रवेशात थोडा तरी वाटा द्या. हजेरीची अट कागदावर आहेच. ती अचानक भेट देऊन तपासा. उद्या पूल आणि यंत्रं याच मुलांच्या भरवशावर उभी राहणार आहेत. त्यांना अचूक मोजता आलंच पाहिजे.