सेंट कॅथरीनच्या भिंतीवरचा दगड

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वसईच्या एका चर्चच्या युवा गटाबरोबर मी जुन्या गोव्याला जाऊन आले. अठ्ठावीस मुलं, त्यात सतरा मुली, आणि सोबत बाई एकच, माझी बी.एड.ची मैत्रीण. दुसरी ऐनवेळी आजारी पडली. "येतेस का गं? मुलींना सांभाळायला कुणीतरी हवं," असा फोन आला आणि मी हो म्हणून बसले.

मोहल्ल्यात चाचींनी विचारलं, "चर्चच्या पोरांना चर्च दाखवायला तू कशाला?" काम साधं होतं. डोकी मोजायची, बस लागणाऱ्यांना खिडकीशी बसवायचं, रात्री मुलींच्या खोल्यांना कडी आहे ना ते बघायचं. बॉम जीझसमध्ये उघड्या खांद्यांनी जाऊ देत नाहीत, तिथं माझ्या बॅगेतल्या तीन ओढण्या कामी आल्या. आणि दीनचं विचाराल, तर नजरानहून आलेल्या ख्रिस्ती मंडळींना हुजूरांनी मदीनेच्या मशिदीत त्यांच्या पद्धतीनं प्रार्थना करू दिली, असं सीरतच्या किताबांत आहे. मी तर नुसती मागच्या बाकावर बसले होते. बसल्या बसल्या एक मौज लक्षात आली. तिथले लोक सेंट झेवियरला 'गोंयचो सायब' म्हणतात. सायब म्हणजे आपला साहिब, अरबीतून आलेला. उर्दूच्या बाईला असं काही सापडलं की प्रवासाचा शीण जातो.

खरा प्रसंग घडला तो पुढे, सेंट कॅथरीनच्या छोट्या चॅपेलपाशी. तिकडे गर्दी नसते. भिंतीत पोर्तुगीज अक्षरांचा एक दगड आहे. एका मुलानं मोबाइलवर अर्थ शोधला आणि मोठ्यानं वाचला: इथल्या वेशीतून गव्हर्नर आल्बुकर्क आत शिरला आणि 1510 साली सेंट कॅथरीनच्या दिवशी त्यानं हे शहर मूरांकडून घेतलं.

"टीचर, मूर म्हणजे?"

"मुसलमान," मी म्हटलं.

सगळे गप्प. मग तो मुलगा हळूच म्हणाला, "सॉरी, टीचर."

ते सॉरी मला फार लागलं. सोळा वर्षांचं पोर, पाचशे वर्षांपूर्वीच्या दगडाबद्दल माझी माफी मागत होतं. मी म्हटलं, "अरे बेटा, 1510 मध्ये तुझ्या वसईवर गुजरातच्या सुलतानाचं राज्य होतं. पोर्तुगीजांना वसई मिळाली 1534 मध्ये. हे शहर पडलं तेव्हा तुझे खापरपणजोबा कदाचित सुलतानाला सारा भरत असतील!" मुलं हसली.

पण हसून सोडून द्यायचं नव्हतं. शहर घेतल्यावर आल्बुकर्कनं इथल्या मुसलमानांची कत्तल करवली आणि राजाला पत्रात ते अभिमानानं कळवलं, हे मी सांगितलं. त्याला गोव्यावर चालून जायला सुचवणारा तिमोजा हिंदू होता, हेही सांगितलं. आणि आमच्या बाजूचंही. आदिलशाहीच्या आधी बहमनींच्या महमूद गावाननं 1472 मध्ये हेच बंदर विजयनगरकडून लढून घेतलं होतं. त्या लढाईतही माणसंच मेली असणार.

मग मैत्रीण बोलली. मी तिला विचारलं नव्हतं. ज्या झेवियरच्या दर्शनाला आपण आलो, त्यानंच 1546 मध्ये राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन मागितलं, असं तिनं मुलांना सांगितलं. ते 1560 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सुरू झालं आणि 1812 पर्यंत चाललं. त्यात भरडले गेलेल्यांत नव्यानं ख्रिस्ती झालेलेच पुष्कळ होते, म्हणजे आपल्यासारखेच, असंही ती म्हणाली. एका मुलीनं विचारलं, "मग आपण त्याला मानायचं की नाही?" मैत्रिणीनं लगेच उत्तर दिलं नाही. मला ते आवडलं.

आपल्याकडे एकतेचे कार्यक्रम होतात. ईदला शीरखुर्मा, नाताळला केक, फोटो. शीरखुर्मा मलाही प्रिय आहे, पण या दगडाबद्दल तिथं कुणी बोलत नाही. बोलतात ते व्हॉट्सअ‍ॅपवाले, आणि ते नेमकं दुसऱ्याच्या घरचं काढतात. माझं म्हणणं एवढंच, की आमच्या सुलतानांचं मी सांगावं, झेवियरचं तिनं सांगावं, आणि दोन्हीकडची मुलं तेव्हा समोर असावीत. आमची मुलं त्या दिवशी नव्हती, ही मला खटकलेली गोष्ट.

म्हणून आमच्या शाळेची सहल यंदा विजापूरला न्यायची ठरवलीय आणि सोबत मैत्रिणीला बोलावलंय. गोलघुमटाखाली ती काय विचारेल त्याची मला थोडी धास्ती आहे. मुख्याध्यापक तयार आहेत. दोन पालकांनी मात्र विचारलंय, "त्या ख्रिश्चन बाई कशाला?" परवा त्यांच्या घरी जाणार आहे.