विकणे नाही

त्सुमागोच्या भर रस्त्यात उभं राहून आमच्या सहलीतल्या वकीलसाहेबांनी निकाल देऊन टाकला, "सगळं नाटक आहे हो!" पुरावा काय, तर एका जुन्या घराच्या लाकडी गजांआड त्यांना टीव्ही दिसला होता.

मी बँकेतला कारकून. माझे वाद काउंटरवरचे, तेही सुट्या पैशांवरून. पण इथे पेटलो. अहो, घरात माणसं राहतात म्हटल्यावर टीव्ही असणारच! का तुमच्या फोटोसाठी त्यांनी रात्रभर कंदिलाकडे बघत बसायचं?

"पण किती हौशी लोक नाही?" इति आमची सौ. तेही चूक. हौस कसली! एदो, म्हणजे आजचं तोक्यो, ते क्योतो या नाकासेन्दो महामार्गावरच्या ६९ मुक्कामांपैकी हा ४२ वा. सरदार लवाजम्यासकट उतरायचे तोवर गावाची चंगळ होती. मग रेल्वे आली ती किसो नदीच्या काठाकाठानं, गावाला बगल देऊन. गिऱ्हाईक गेलं, पाठोपाठ तरणी पोरं शहरात गेली. जुनी घरं टिकली, कारण नवी बांधायला पैसाच नव्हता.

१९६८ साली डागडुजी सुरू झाली आणि १९७१ साली गावकऱ्यांनी ठरावच केला: विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, मोडायचं नाही. सरकारी संरक्षणाचा शिक्का बसला १९७६ साली, म्हणजे नंतर. विजेच्या तारा नजरेआड केल्या, दिवसा मुख्य रस्त्यावर मोटारींना बंदी घातली. हे सगळं ठीक; पण ते तीन नकार वाचून कर्ज खात्यात अठरा वर्षं काढलेल्या माझ्या अंगावर काटा आला. असल्या घराच्या तारणावर आमची बँक चहासुद्धा पाजणार नाही! मालकीच्या कागदातली निम्मी अक्षरं या माणसांनी आपल्याच हातानं खोडली. आणि आपण तासभर येणार, अक्रोड-मिसोचा लेप लावून भाजलेला भाताचा गोळा काडीवरून चाटणार (गोहेइमोची म्हणतात, मी दोन खाल्ले), आणि वर त्यांना नाटकी म्हणणार! असेल नाटक. पण नटांनी स्वतःची घरं पणाला लावलेलं दुसरं नाटक वकीलसाहेबांनी मला दाखवावं.

"अहो, हळू," सौ. म्हणाली.

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय," वकीलसाहेब म्हणाले.

मुळीच नाही. पुण्यातला आमचा वाडा पाडायला दिला तेव्हा पाच हिश्शेदारांत पहिली सही माझी होती. चांगली ठसठशीत केली होती. आता तिथे सहा मजले आहेत. दुसऱ्यावरचा फ्लॅट आमचा. माजघराच्या दाराची पितळी कडी मी आठवणीनं मागून घेतली होती. ती दिवाणखान्यात टीव्हीच्या वर ठोकली आहे. येणारा-जाणारा कौतुक करतो. तिला अजून कुणी नाटक म्हटलेलं नाही.